विश्लेषण : दारूबंदीच्या वर्ध्यात नीरेचा हिशेब मांडणारे जे. सी. कुमारप्पा कोण होते?

पुण्या-मुंबईत क्राफ्ट बीअर मिळते त्या ठिकाणी टेबलावर एका लाकडी पट्टीत चार-पाच छोटे ग्लास येतात. आधी रंग आणि फेस बघायचा, मग वास घ्यायचा, मग एक घोट. ज्यांना हे गांभीर्याने करायचे असते ते गुणही देतात. अमेरिकेतल्या बीअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रामच्या गुणपत्रिकेत ५० पैकी वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडात जाणवणाऱ्या पोताला ५ आणि एकूण परिणामाला १० गुण असतात. पुण्यात २००९ मध्ये डूलाली सुरू झाल्यापासून महाराष्ट्रात हा शौक वाढत गेला.

वर्धा जिल्ह्यात मात्र असा कार्यक्रम ठेवता येत नाही. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून या जिल्ह्यात दारूबंदी आहे. शेजारच्या चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. वर्ध्यात ती कायम आहे. कारण सगळ्यांना ठाऊक आहे : सेवाग्राम.

पण १९३०च्या दशकात याच वर्ध्याच्या परिसरात एका पेयाचा वास, रंग आणि चव काळजीने तपासली जात होती. बीअरमध्ये आंबणे नीट झाले तर गुण मिळतात. इथे उलट होते, किंचित आंबले तरी माल बाद. हे पेय म्हणजे शिंदीच्या झाडाची नीरा. ज्या संस्थेने हा उद्योग हाती घेतला, तिचा कारभार पाहणारा माणूस लंडनमध्ये शिकलेला लेखापरीक्षक होता. जोसेफ चेल्लादुराई कुमारप्पा हे त्याचे नाव.

तंजावर, लंडन, न्यूयॉर्क

कुमारप्पांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावरमध्ये एका तमिळ ख्रिस्ती कुटुंबात झाला. तेव्हा त्यांचे आडनाव कॉर्नेलियस होते. हिशेब तपासणीचे शिक्षण घ्यायला ते लंडनला गेले, तिथे काही काळ कामही केले. परतल्यावर मुंबईत स्वतःची फर्म काढली. अंगात सूट, हातात काठी, राहणी पूर्ण इंग्रजी. देशभक्ती वगैरे विषय त्या आयुष्यात फारसा नव्हता.

१९२७ मध्ये ते अमेरिकेला गेले. सिरॅक्युज विद्यापीठातून व्यवसाय प्रशासनाची पदवी घेतली आणि मग न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक अर्थव्यवहाराचे प्रसिद्ध प्राध्यापक सेलिग्मन यांच्याकडे शिकू लागले. तिथे एका चर्चमध्ये भारत गरीब का, या विषयावर त्यांनी भाषण केले. त्याची बातमी वर्तमानपत्रात छापून आली, ती सेलिग्मन यांनी वाचली आणि याच विषयावर प्रबंध लिहायला सांगितले. सरकार कर कुणाकडून घेते आणि खर्च कशावर करते, याचा ताळेबंद मांडता मांडता कुमारप्पांचे मत बदलले. गरिबी आळसातून आली नाही, ती राज्यकारभाराच्या हिशेबातच आहे, या निष्कर्षावर ते आले. पुढे कॉर्नेलियस हे आडनाव सोडून त्यांनी घराण्यातले जुने नाव घेतले. धर्म मात्र सोडला नाही. ते शेवटपर्यंत ख्रिस्ती राहिले आणि इंग्रजी सत्तेची पाठराखण करणाऱ्या पाद्र्यांशी त्यांनी जाहीर वाद घातले.

सूट घालून साबरमतीला

प्रबंध छापण्याच्या निमित्ताने ९ मे १९२९ रोजी ते साबरमती आश्रमात गेले. झाडाखाली सारवलेल्या जमिनीवर एक म्हातारा चरखा चालवत बसला होता. कुमारप्पा उभे राहून बघत राहिले. काही मिनिटांनी त्या म्हाताऱ्याने कमरेचे घड्याळ पाहून, आपणच कुमारप्पा का, असे विचारले, तेव्हा त्यांना समोर गांधी बसलेत हे कळले. इस्त्रीच्या पँटसह ते तिथेच मातीत बसले.

गांधीजींनी प्रबंध ‘यंग इंडिया’त क्रमशः छापला. आणि लगेच कामही दिले : गुजरातच्या खेडा जिल्ह्यातल्या मातर तालुक्याची आर्थिक पाहणी. कुमारप्पांना गुजराती येत नव्हते. गुजरात विद्यापीठाचे प्रमुख तेव्हा काकासाहेब कालेलकर होते. तिथले विद्यार्थी सोबत घेऊन कुमारप्पा गावोगाव फिरले. शेतकऱ्याचे उत्पन्न, देणे, जनावरे, सारा अशा एकेका गोष्टीची नोंद झाली. पुस्तकातली गरिबी त्यांनी पहिल्यांदा इथे घराघरात मोजली.

हिशेबातला कडकपणा मात्र जुनाच राहिला. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीचे पैसे त्यांच्या ताब्यात होते. स्वयंसेवकाच्या रोजच्या भत्त्याची मर्यादा त्यांनीच ठरवलेली. गांधीजी आणि सोबतची मंडळी तिथे आली, तेव्हा त्यांचा खर्च या निधीतून करता येणार नाही, तो त्यांनीच बघावा, असे कुमारप्पांनी महादेवभाई देसाईंना कळवले. गांधीजींना ते पटले. देशातल्या सगळ्यात मोठ्या नेत्याचे बिल नामंजूर करणारा हा माणूस पुढच्याच वर्षापासून वर्ध्यात राहू लागला.

मगनवाडीत काय चालायचे?

डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. जमनालाल बजाज यांनी आपली बाग आणि घर दिले. गांधीजींचे दिवंगत सहकारी मगनलाल गांधी यांच्या नावावरून त्या जागेला मगनवाडी म्हणू लागले. संघाचे अध्यक्ष वर्ध्याचे श्रीकृष्णदास जाजू आणि चिटणीस कुमारप्पा. सल्लागारांच्या यादीत रवींद्रनाथ टागोर, जगदीशचंद्र बोस, प्रफुल्लचंद्र राय आणि सी. व्ही. रामन होते. कुमारप्पांचे धाकटे भाऊ भारतन हेही कामाला आले.

मगनवाडीचा विषय साधा होता. गावात तयार होणारी वस्तू गावातच चांगली कशी करायची? हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, घाणीचे तेल, हातकागद, मधमाश्या, साबण, गूळ. झवेरभाई पटेल यांनी तेलघाणीत सुधारणा केल्या, ती मगन घाणी. खाद्यतेलावर जळणारा कंदील निघाला, तो मगन दीप. गांधीजी १९३५ मध्ये स्वतः इथे राहायला होते आणि स्वयंपाकघरात सोयाबीनचे प्रयोग करत होते. १९३६ मध्ये ते शेगावला गेले. त्या गावाचे सेवाग्राम हे नाव १९४० पासूनचे. डिसेंबर १९३८ मध्ये मगन संग्रहालय उघडले, ते आजही वर्धा शहरात आहे.

या यादीतल्या गुळाला दोन वाटा होत्या, एक उसाची आणि दुसरी शिंदी-ताडाची. दुसरीच वाट थेट दारूबंदीशी येऊन भिडत होती.

एक झाड, दोन वह्या

१९३७ मध्ये प्रांतांमध्ये काँग्रेसची मंत्रिमंडळे आली. गांधीजींचा दारूबंदीचा आग्रह जुना होता. अडचण पैशांची. १९१९ च्या सुधारणांनंतर अबकारी खाते प्रांतांकडे आले होते आणि शिक्षणासारखे खर्च भागवायला तोच पैसा वापरला जात होता. दारू बंद केली तर शाळा कशा चालवायच्या, हा प्रश्न तेव्हा विधिमंडळांत उघडपणे विचारला जात होता. तो आजही विचारला जातो, फक्त आकडे मोठे झालेत.

या वादात झाडावर चढणाऱ्या माणसाचा विचार कमी झाला. कमरेला दोर आणि कोयता बांधून पहाटे शिंदीवर चढणारा, मडके उतरवणारा, दुकानदाराच्या हाती देणारा मजूर. ताडीचे दुकान बंद झाले की पहिली कुऱ्हाड त्याच्या रोजीवर. ग्रामोद्योग संघाचे उत्तर असे होते की झाड तेच, चढणारा तोच, मडकेही तेच. फक्त रस आंबू द्यायचा नाही. ताजा असताना प्यायचा, नाहीतर उकळून गूळ करायचा.

लेखापरीक्षकाच्या नजरेने पाहिले तर या दोन वेगळ्या वह्या आहेत. ताडीच्या वहीत मजुराला चार पैसे, दुकानदाराला नफा, सरकारला अबकारी आणि पिणाऱ्याच्या घरात वजाबाकी. गुळाच्या वहीत सरकारला काही नाही, पण मजुरी गावात राहते आणि घरात खाण्याची वस्तू येते. कुमारप्पांनी त्यात जमिनीचाही हिशेब जोडला. ऊस चांगल्या, पाण्याखालच्या जमिनीवर लावावा लागतो. शिंदी आणि ताड पडीक रानात, बांधावर, नाल्याकाठी आपोआप वाढतात. साखर झाडांपासून घेतली तर उसाखालची जमीन धान्य, फळे, भाज्यांसाठी मोकळी होईल, असे त्यांनी पुढे लिहिले. दुष्काळ आणि पाणीटंचाईच्या बातम्यांत उसाचे नाव येते, तेव्हा हा मुद्दा आठवायला हरकत नाही.

शेगावजवळ शिंदीच्या रसापासून गूळ करण्याचे प्रयोग गजानन नाईक हे कार्यकर्ते करत होते. नंतर ते केंद्र सरकारचे ताडगूळ सल्लागार झाले.

नीरा आणि बीअर, फरक कुठे पडतो?

बीअर करायला मेहनत लागते. जवाला मोड आणून त्यातल्या पिष्टाची साखर करायची, ते पाणी हॉप्ससह उकळायचे, थंड करायचे आणि निवडलेले यीस्ट टाकून बंद टाकीत ठेवायचे. चांगला ब्रूअर दिवसेंदिवस तापमान सांभाळतो.

नीरेला यातले काहीच लागत नाही, आणि तिची अडचणही तीच आहे. रसात साधारण १० ते १२ टक्के साखर तयारच असते. यीस्ट हवेतून, मडक्यातून, कीटकांच्या पायांवरून आपसूक येते. आधी जिवाणू रस थोडा आंबट करतात, मग यीस्ट साखरेचे मद्य करते. ऊन चढले की वेग वाढतो. पहाटे उतरवलेली गोड नीरा दुपारपर्यंत ताडी झालेली असते. तिच्यात ४ ते ६ टक्के मद्यार्क येऊ शकतो, म्हणजे बाजारातल्या साध्या बीअरइतकाच. आणखी ठेवली की शिर्का. कायद्याच्या भाषेत पेय आणि दारू यांच्यातले अंतर इथे फक्त काही तासांचे आहे.

हे थांबवण्याची जुनी युक्ती म्हणजे चुना. मडके धुऊन, धूर देऊन किंवा उन्हात तापवून आतून चुन्याचा हात फिरवायचा. चुन्यामुळे रस आम्लाकडे जात नाही आणि यीस्टला वाढता येत नाही. चुना कमी पडला तर रस आंबतो, जास्त झाला तर चव तुरट लागते आणि गूळ काळपट होतो. नेमका किती, हे हाताच्या सवयीवर. आज नीरा बर्फाच्या पेटीत गोळा केली जाते. त्या काळी गावात बर्फ मिळत नव्हता.

मग नीरेला गुण कसे द्यायचे?

बीअरच्या पत्रिकेसारखी छापील पत्रिका इथे लागत नाही. ताजी नीरा जवळजवळ पारदर्शक असते. ती दुधाळ दिसू लागली म्हणजे यीस्ट वाढले. फेस नसावा. बीअरमध्ये फेस टिकला तर कौतुक, नीरेत फेस आला तर ती ओतून टाका. वास सौम्य आणि गोडसर हवा, आंबूस चालत नाही. जिभेवर गोडीनंतर चुरचुर जाणवली की काम बिघडलेले असते. शंका असेल तर लिटमसचा कागद. चुना घातलेल्या नीरेत लाल कागद निळा होतो, आंबलेल्या नीरेत निळा कागद लाल होतो.

सगळ्यात कडक परीक्षक कढई. रस थोडा जरी आंबलेला असला तर त्यातली साखर फुटते आणि कितीही उकळा, गुळाची ढेप बसत नाही. चिकट काकवी हाती येते. म्हणजे पहाटेच्या मडक्यातली चूक काही तासांनी कढईत दिसतेच.

दर्जाची जुनी भाषाही होती. बंगालमध्ये खजुरीच्या झाडाला काही रात्री काप दिल्यावर विश्रांती देतात. विश्रांतीनंतरच्या पहिल्या रात्रीचा रस ‘जिरेन’, तो सर्वात गोड आणि नितळ. दुसऱ्या रात्रीचा त्याच्या खालचा, नंतरचा आणखी खालचा. गुळाचा भावही त्यावरून ठरतो. शिंदी हे याच जातीचे झाड. थंडीत रस चांगला मिळतो, उन्हाळा लागला की दर्जा घसरतो.

खुद्द गांधीजींनीही नीरेची परीक्षा केली होती. १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना आरोग्यावर त्यांनी जे पुस्तक लिहिले, त्यात ताडी आणि नीरेचा उल्लेख येतो. नीरेने पोट साफ होते असे लोक सांगत. त्यांनी पिऊन पाहिली आणि आपल्याला तसा अनुभव आला नाही, असे सरळ नोंदवले. अन्न म्हणून मात्र ती उसाच्या रसाच्या तोडीची वाटली आणि ताडगुळाची चव त्यांनी उसाच्या गुळापेक्षा वर ठेवली. हव्या असलेल्या गोष्टीलाही एका निकषावर कमी गुण देणारी ही नोंद आहे.

तुरुंगातले पुस्तक

१९४२ च्या आंदोलनात कुमारप्पांना पुन्हा अटक झाली. आधीही ते १९३१ आणि १९३२ मध्ये तुरुंगात गेले होते. या वेळी जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ लिहिले. गांधीजींनी ऑगस्ट १९४५ मध्ये रेल्वेच्या प्रवासात त्याची प्रस्तावना लिहिली आणि त्यांना ग्रामोद्योगाचे डॉक्टर ठरवून टाकले.

या पुस्तकात वाघ, माकड, मधमाशी आणि पिलांना भरवणारी पक्षीण यांच्या उदाहरणांतून अर्थव्यवहाराचे प्रकार सांगितले आहेत. त्यांनी केलेला एक भेद आजच्या वाचकाला लगेच कळेल. कोळसा, पेट्रोलियम हे साठे आहेत. वापरले की कमी होतात आणि त्यांच्यासाठी भांडणे होतात. वाहते पाणी, वाढणारे लाकूड हे प्रवाह आहेत. नीट वापरले तर पुन्हा मिळतात. शाश्वत विकास हा शब्द सरकारी अहवालांत येण्याच्या कितीतरी आधी वर्ध्याच्या माणसाने ही विभागणी केली होती. शिंदीच्या झाडातून थेंब थेंब उतरणारा रस प्रवाहाच्या बाजूला बसतो.

योजना का अडली?

पण या हिशेबात एक रकाना कच्चा राहिला, असे म्हणावे लागेल : सरपणाचा. १० टक्के साखरेच्या १० लिटर नीरेतून साधारण एक किलो गूळ निघतो. त्यासाठी ९ लिटर पाणी वाफ करून घालवावे लागते. त्याला सुमारे २३ मेगाज्यूल उष्णता लागते. साध्या चुलीची कार्यक्षमता २० टक्के धरली तर किलोभर गुळामागे सात-आठ किलो लाकूड जळते. उसाच्या गुऱ्हाळात रस काढून उरलेले चिपाडच जळणाला वापरतात. शिंदीच्या झाडाला चिपाड नाही, तिथे लाकूड बाहेरून आणावे लागते. लाकूड प्रवाहाचे खरे, पण तोड वाढली की त्याचाही साठा होतो आणि तो संपतो.

दुसरी अडचण वेळेची. नीरा सूर्य वर येण्याआधी विकली गेली पाहिजे. गाव लहान, गिऱ्हाईक कमी, शहर दूर. उरलेल्या रसाचे काय करायचे, हे ज्याच्या हातात मडके आहे त्यालाच ठरवायचे असते. काहीही न करणे हा सगळ्यात सोपा मार्ग आणि त्याने ताडी होते. म्हणून दारूबंदीच्या कायद्यात नीरेलाही परवाना लागतो. नीरेच्या केंद्रांवर म्हणूनच पहाटेचीच धावपळ असते.

तिसरी अडचण चवीची. कुमारप्पा वस्तूला पोषणाचे, मजुरीचे, जमिनीचे गुण देत. गिऱ्हाईक रंगाचे आणि भावाचे गुण देई. कारखान्यातली पांढरी साखर स्वस्त, स्वच्छ दिसणारी आणि चहात पटकन विरघळणारी होती. तिच्यापुढे ताडगूळ उभा राहिला नाही. हातसडीच्या तांदळाचेही तेच झाले. आता हीच उत्पादने शहरांतल्या ऑरगॅनिक दुकानांत महाग विकली जातात, पण तो पैसा झाडावर चढणाऱ्यापर्यंत किती पोहोचतो हा वेगळा विषय.

दिल्लीत जमले नाही

१९३८ मध्ये नेहरूंच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय नियोजन समिती झाली. कुमारप्पा तिच्यात गेले आणि थोड्याच काळात बाहेर पडले. मोठ्या कारखान्यांना केंद्रस्थानी ठेवणारी आखणी त्यांना पटणारी नव्हती. स्वातंत्र्यानंतर काँग्रेसच्या शेतीसुधार समितीचे ते अध्यक्ष होते. तिचा अहवाल १९४९ मध्ये आला. कसणाऱ्याकडे जमीन असावी, मधले हक्कदार नकोत, ही त्याची दिशा होती. जमीनदारांना तो रुचला नाही.

गांधीजी गेल्यानंतर कुमारप्पांना सत्तेतल्या जुन्या सहकाऱ्यांशी बोलणे अवघड होत गेले. त्यांचा स्वभावही तापट होता, हे त्यांचे मित्रही मान्य करत. रक्तदाबाचा त्रास वाढला. वर्धा जिल्ह्यातल्याच सेलडोह येथे त्यांनी पन्नई आश्रम काढला. पन्नई म्हणजे तमिळमध्ये शेत. तिथे शेतीवर उभा राहणारा गट तयार करायचा होता, पण तब्येतीने साथ दिली नाही. १९५३ च्या सुमारास ते मदुराईजवळच्या कल्लुपट्टीला गेले आणि वर्ध्याशी रोजचा संबंध संपला.

३० जानेवारी १९६० रोजी त्यांचे निधन झाले. ते ६८ वर्षांचे होते. तोपर्यंत ग्रामोद्योगांचे काम सरकारी खादी आणि ग्रामोद्योग आयोगाकडे गेले होते. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या या आयोगाच्या कामांत नीरा आणि ताडगूळही आले. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली ती कुमारप्पांच्या मृत्यूनंतर दीड दशकाने. हातभट्टीवर पोलिसांचे छापे पडल्याच्या बातम्या जिल्ह्यातून आजही येतात.